फिलिडोर आणि त्याचें प्यादें

बुद्धिबळांच्या पटावर ज्याची कोणी फारशी पर्वा करीत नाहीं, असें मोहरें म्हणजे प्यादें. वजीर मारला गेला तर खेळणाराचा चेहरा उतरतो. हत्ती गेला तर तो कपाळाला हात लावितो. परंतु प्यादें गेलें तर त्याकडे तो ढुंकूनहि पाहत नाहीं. आपल्या शाळेंतील मुलें मधल्या सुटींत पट मांडून बसतात, तेव्हां पहिल्या पांच मिनिटांतच दोन्ही बाजूंचीं चार-सहा प्यादीं पटाबाहेर आडवीं पडलेलीं दिसतात. अठराव्या शतकांत एका फ्रेंच गृहस्थानें सगळ्या यूरोपाला असें शिकविलें कीं, या खेळाचा खरा जीव ह्या उपेक्षित प्याद्यांतच आहे. त्याचें नांव फ्रांस्वा-आंद्रे दानिकाँ फिलिडोर. राजापुढील प्यादें चालवून सुरू होणाऱ्या डावांतील एक प्रसिद्ध बचाव आजहि त्याच्याच नांवानें ओळखला जातो. त्या बचावाचें मर्म समजावें आणि तो ज्याच्या बुद्धींतून उभा राहिला त्या पुरुषाचीहि ओळख व्हावी, म्हणून त्याचें अल्प चरित्र आम्ही येथें देत आहों.

फिलिडोरचा जन्म फ्रान्स देशांतील द्रो नांवाच्या गांवीं ता. ७ सप्टेंबर १७२६ रोजीं झाला. त्याचें घराणें पिढीजात वादकांचें. कुळाचें मूळ नांव दानिकाँ. पण एका पूर्वजाचें वादन ऐकून तेराव्या लुई राजाला फिलिडोरी नांवाच्या एका इटालियन वादकाची आठवण झाली व त्यानें त्याला तेंच नांव दिलें, अशी आख्यायिका आहे. आमच्या चरित्रनायकाचा बाप चौदाव्या लुईच्या पदरीं राजसंग्रहांतील संगीताच्या हस्तलिखितांचा रक्षक होता. मुलगा झाला तेव्हां त्यानें सत्तरी ओलांडली होती, आणि मूल चार वर्षांचें होतें न होतें तोंच त्यानें देह ठेविला. सहाव्या वर्षीं मुलाला व्हर्साय येथील राजमंदिराच्या गायकवृंदांत घेतलें. तेथें कांप्रा नांवाच्या नामांकित संगीतकाराच्या हाताखालीं त्याचें शिक्षण झालें, आणि अकराव्या वर्षाच्या सुमारास त्यानें रचिलेलें एक स्तोत्र-संगीत राजासमोर गाइलेंहि गेलें.

ह्याच गायकवृंदांत त्याला बुद्धिबळांचा नाद लागला. उपासनेला राजा येईपर्यंत वादकांना बराच वेळ तिष्ठत बसावें लागे. तेथें पत्ते खेळण्यास मनाई होती, बुद्धिबळांस मात्र नव्हती. म्हणून एका लांब मेजावर पट बसविलेले असत व मंडळी त्यांवर खेळत. मोठ्यांच्या खांद्याआडून पाहतां पाहतां हा पोर सगळा खेळ शिकला. एके दिवशीं एका वृद्ध वादकाला कोणी जोडीदार मिळेना. तेव्हां मुलानें भीत भीत आपण खेळूं कां म्हणून विचारलें. म्हाताऱ्यानें हंसत होकार दिला. पण डाव जसजसा पुढें सरकूं लागला तसतसें त्याचें हसूं मावळलें. मुलगा एक डोळा पटावर व एक दाराकडे ठेवून खेळत होता. शेवटीं मात होतांच तो उठून पळाला, अशी गोष्ट सांगतात.

चौदाव्या वर्षाच्या सुमारास त्याचा आवाज फुटला व तो गायकवृंद सोडून पॅरिसला आला. संगीताच्या नकला करणें व शिकवण्या घेणें हाच त्याच्या पोटाचा धंदा झाला. परंतु त्याचे पाय वळत ते काफे द ला रेजांस या कॉफीगृहाकडे. पॅरिसमधील उत्तमोत्तम खेळाडू तेथें जमत, आणि त्यांचा अग्रणी होता लेगाल. प्रथम प्रथम लेगाल ह्या मुलाशीं खेळतांना आपला एक हत्ती आधींच पटावरून उतरवून ठेवी. सुमारें तीन वर्षांत शिष्य गुरूच्या बरोबरीला आला आणि हत्ती उतरविण्याची गरज उरली नाहीं. लेगालला पटाकडे न पाहतां खेळतां येत असे. शिष्यानें तीहि विद्या उचलली, आणि सन १७४४ सालीं, वयाच्या अठराव्या वर्षीं, पॅरिसमध्यें पट न पाहतां एकाच वेळीं दोन डाव खेळून दाखविले.

पुढच्याच वर्षीं एका संगीत-मंडळीबरोबर तो हॉलंडांत गेला. जलसे व्हावयाचे होते. पण जिच्या वादनावर सर्व भिस्त होती ती लहान मुलगी एकाएकीं वारली आणि सगळा बेत ढासळला. परक्या देशांत, पदरीं पैसा नाहीं, ओळखदेख नाहीं, अशा स्थितींत एकोणीस वर्षांचा हा तरुण सांपडला. त्या वेळीं बुद्धिबळांनींच त्याला अन्न दिलें. तेथील श्रीमंत शौकिनांना व इंग्रज लष्करी अधिकाऱ्यांना तो हा खेळ शिकवूं लागला. जो छंद घरच्यांना वेळेचा अपव्यय वाटला असेल, तोच आपत्काळीं त्याचा पाठीराखा झाला.

सन १७४७ मध्यें तो लंडनला गेला आणि तेथें स्टॅमा याच्याशीं त्याचा सामना झाला. स्टॅमा हा सीरियांतील अलेप्पो शहरचा रहिवासी; तो इंग्लंडच्या राजाच्या पदरीं पौर्वात्य भाषांचा दुभाष्या होता, आणि बुद्धिबळांवरील त्याच्या ग्रंथाचा मोठा लौकिक होता. फिलिडोरनें त्याला दर डावाला पहिली खेळी देऊं केली, व डाव बरोबरींत सुटला तर तोहि स्टॅमानेंच जिंकला असें समजावें, अशी अट स्वतः होऊन घातली. दहा डाव झाले. त्यांपैकीं आठ फिलिडोरनें जिंकले, एक हरला व एक बरोबरींत सुटला. वीस-एकवीस वर्षांच्या ह्या मुलाचें नांव त्या दिवसापासून सर्वतोमुखीं झालें.

नंतर दोन वर्षांनीं, सन १७४९ सालीं, लंडनांत त्याचा बुद्धिबळांवरील फ्रेंच ग्रंथ प्रसिद्ध झाला. छपाईचा खर्च आगाऊ वर्गणींतून निघाला. एकट्या कंबरलंडच्या ड्यूकनेंच ५० प्रती घेण्याचें कबूल केलें होतें. पुढच्या वर्षीं त्याचें इंग्रजी भाषांतर झालें, आणि पुढें अनेक भाषांतून त्याच्या आवृत्त्यांवर आवृत्त्या निघाल्या. ह्या ग्रंथाचें महत्त्व कशांत आहे, तें आतां पाहूं.

फिलिडोरच्या पूर्वींचे बहुतेक ग्रंथकार खेळ्यांच्या याद्या देत. प्रतिपक्षानें अमुक केलें तर तुम्ही तमुक करा, एवढाच त्यांचा उपदेश. विद्यार्थी ती यादी पाठ करी, आणि प्रतिपक्षी यादीबाहेर गेला कीं गोंधळून जाई. फिलिडोरनें डाव पहिल्यापासून शेवटपर्यंत उलगडून दाखविले व खेळीमागचें कारण लिहिलें. ह्या कारणांचा केंद्रबिंदु होता प्यादें. त्याचा विचार थोडक्यांत असा: घोडा, उंट, हत्ती व वजीर हीं मोहरीं पुढें जातात तशीं मागेंहि येऊं शकतात, त्यांची चूक बहुधा दुरुस्त करतां येते. प्यादें मात्र एकदां पुढें टाकलें कीं तें कधीं मागें फिरत नाहीं. म्हणून पटावरील डावाचा कायमचा आकार प्यादींच ठरवितात. तीं एकमेकांना जोर देत शेजारीं शेजारीं चाललीं तर त्यांची भिंत होते. एकेकटीं विखुरलीं तर तीं ओझें होऊन बसतात.

आतां त्याच्या नांवाचा बचाव घेऊं. आपल्याकडील जुन्या देशी पद्धतींत प्यादें साधारणतः पहिल्या खेळीलाहि एकच घर चाले. यूरोपीय पद्धतींत पहिल्या खेळीला तें दोन घरें जाऊं शकतें, हें वाचकांनीं ध्यानांत ठेवावें. पांढरा आपल्या राजापुढील प्यादें दोन घरें चालवितो. काळाहि तसेंच करितो, आणि पटाच्या मध्यभागीं दोन्ही प्यादीं एकमेकांना अडवून उभीं राहतात. मग पांढरा राजाकडील घोडा उंटाच्या प्याद्यापुढें काढतो व त्याचा रोख काळ्याच्या मधल्या प्याद्यावर पडतो. तें प्यादें सांभाळावयाचें कसें? पुष्कळ खेळाडू वजिराकडील घोडा बाहेर काढून त्याला जोर देतात. फिलिडोर मात्र वजिरापुढील प्यादें फक्त एक घर पुढें सारतो. दिसावयास ही खेळी किती साधी! ती त्याच्या आधींच्या लोकांनाहि ठाऊक होती. परंतु ती कां करावयाची, हें त्यानें सांगितलें.

पहिलें कारण हें कीं, प्याद्याला प्याद्याचाच जोर मिळतो. ह्या पहाऱ्यासाठीं मोठें मोहरें अडकून पडत नाहीं. दुसरें कारण असें कीं, घोडा बाहेर काढून त्याच्यामागें उंटाचें प्यादें कोंडावें, हें फिलिडोरला मुळींच पसंत नव्हतें. त्याच्या मतें पांढऱ्यानें घोडा काढला तेथेंच चूक केली, कारण त्या घोड्यानें पांढऱ्याचें उंटापुढील प्यादें अडविलें. काळ्याचा राजाकडील घोडा अजून घरींच आहे. तेव्हां काळ्याचें तेंच प्यादें मोकळें आहे. तिसरें कारण ह्यांतूनच निघतें. पांढरा जर वजिरापुढील प्यादें दोन घरें टाकून मध्यभागीं हल्ला करूं लागला, तर काळ्यानें आपल्या राजाकडील उंटाचें प्यादें दोन घरें पुढें टाकून पांढऱ्याच्या मधल्या प्याद्याला बाजूनें धक्का द्यावा, अशी फिलिडोरची योजना होती. म्हणजे हा बचाव नांवाचा बचाव. त्याच्या पोटांत उलट हल्ला दडलेला आहे.

ह्या योजनेंत दोष नाहींत असें नाहीं. वजिराचें प्यादें एक घर सरकलें कीं राजाकडील उंटाची वाट बुजते, आणि त्याला राजापुढच्या एका घरापलीकडे जातां येत नाहीं. उंटाचें प्यादें दोन घरें टाकलें कीं राजाच्या अंगावरचा आडोसा निघतो, व शत्रूचा उंट आणि वजीर तिरकस वाटांनीं आंत येऊं पाहतात. इटलींतील मोडेना शहरचे देल रिओ, लोल्ली व पोन्झियानी हे तिघे पंडित फिलिडोरच्या मताविरुद्ध होते. मोहरीं भराभर बाहेर काढून राजावर चालून जावें, हा त्यांचा मार्ग; फिलिडोर प्याद्यांना अवाजवी मान देतो असें त्यांचें म्हणणें. पुढील अनुभवानें दोन्ही पक्षांचें कांहीं कांहीं खरें ठरविलें. उंटाचें प्यादें इतक्या लवकर टाकणें धोक्याचें, असें आजचे जाणते खेळाडू मानतात. ते प्रथम राजाकडील घोडा काढून पांढऱ्याच्या मधल्या प्याद्यावर रोख धरतात. हॅनम नांवाच्या अमेरिकन खेळाडूच्या नांवानें एक रीति प्रसिद्ध आहे. तींत वजिराकडील घोडा वजिराच्या प्याद्यामागें ठेवितात. त्यामुळें मधल्या प्याद्याला दुहेरी जोर मिळतो आणि उंटाचें प्यादेंहि मोकळें राहतें. खेळी बदलली, परंतु विचार फिलिडोरचाच राहिला.

डावाच्या शेवटासंबंधींहि त्यानें एक अमोल धडा घालून दिला आहे. दोघांजवळ एकेक हत्ती आहे, पण शत्रूजवळ एक प्यादें अधिक आहे, आणि आपला राजा त्या प्याद्याची वाट अडवून उभा आहे, असें समजा. अशा वेळीं आपल्या बाजूनें मोजलेल्या तिसऱ्या ओळींत आपला हत्ती उभा करावा, म्हणजे शत्रूच्या राजाला पुढें येतां येत नाहीं. प्यादें त्या ओळींत शिरलें कीं हत्ती पटाच्या पार दुसऱ्या टोकाला न्यावा व मागून शहावर शह द्यावेत. कारण आतां शत्रूच्या राजाला प्याद्याआड लपण्यास जागा उरत नाहीं. डाव बरोबरींत सुटतो. एका प्याद्याची ती एक खेळी होईपर्यंत दम धरावयाचा, हेंच त्यांतील सारें रहस्य.

ग्रंथ प्रसिद्ध झाल्यावर फिलिडोर सन १७५४ मध्यें पॅरिसला परत आला आणि पुढच्या वर्षीं त्यानें आपला गुरु लेगाल यालाहि जिंकलें. परंतु तो स्वतःला प्रथम संगीतकारच समजे. राजमंदिरांत जागा मिळावी म्हणून त्यानें खटपट केली. पण त्याच्या रचनेवर इटालियन वळण फार, म्हणून ती जागा हुकली. तेव्हां तो रंगभूमीकडे वळला. सन १७५९ पासून त्याचीं विनोदी संगीत नाटकें एकामागून एक गाजूं लागलीं. सन १७६४ मधील ‘जादूगार’ ह्या नाटकाच्या वेळीं प्रेक्षकांनीं रचनाकाराला रंगमंचावर येण्यास भाग पाडलें. पॅरिसच्या त्या नाट्यगृहांत असा मान त्यालाच प्रथम मिळाला, असें सांगतात. इंग्रजी कादंबरीकार फील्डिंग याच्या ‘टॉम जोन्स’वर त्यानें सन १७६५ सालीं संगीत नाटक रचिलें. दरम्यान सन १७६० मध्यें एका गायिकेशीं त्याचा विवाह झाला होता, आणि मुलाबाळांनीं घर भरलें होतें.

संसार वाढला, पण संगीतांत नव्या लोकांची चलती झाली. म्हणून सन १७७५ पासून तो दरवर्षीं कांहीं महिने लंडनला जाऊं लागला. सेंट जेम्स रस्त्यावरील एका बुद्धिबळ-मंडळाचे सभासद त्यासाठीं वर्गणी जमवीत. तेथें तो पटाकडे न पाहतां दोन, व क्वचित् तीन डाव एकदम खेळून दाखवी. प्रतिपक्ष्याची खेळी कोणी मोठ्यानें सांगे. हा क्षणभर थांबून आपली खेळी सांगे. मधून मधून आलेल्या मंडळींशीं गप्पाहि मारी. वर्तमानपत्रांनीं हा मानवी बुद्धीचा चमत्कार म्हणून वर्णिला. पण त्याचा स्नेही, प्रसिद्ध फ्रेंच ग्रंथकार दिदरो, याला तें रुचलें नाहीं. सन १७८२ सालीं त्यानें पत्र लिहून फिलिडोरला असें बजाविलें कीं, पोकळ वाहवेसाठीं बुद्धि धोक्यांत घालणें शहाणपणाचें नव्हे. सल्ला जिव्हाळ्याचा होता. परंतु पॅरिसमध्यें बायकामुलें वाट पाहत होतीं, आणि त्या वाहवेबरोबर चार पैसेहि मिळत होते. फिलिडोर खेळतच राहिला.

सन १७८९ मध्यें फ्रान्सांत राज्यक्रांति झाली. सन १७९२ च्या अखेरीस तो नेहमींप्रमाणें लंडनला आला, आणि फेब्रुवारी १७९३ मध्यें दोन्ही देशांत युद्ध पेटलें. देश सोडून गेलेल्या संशयितांच्या यादींत त्याचें नांव चढलें. आतां परत जाणें म्हणजे जिवावर उदार होणें. इंग्लंड व फ्रान्स यांमध्यें समुद्राची एक चिंचोळी पट्टी. ती त्यानें आयुष्यांत कितीदां तरी ओलांडली होती. परंतु आतां तो पुढें टाकलेल्या प्याद्यासारखा झाला. मागें येणें संपलें. पत्नी व मुलें पॅरिसमध्यें, आणि हा वृद्ध लंडनमध्यें लोकांना खेळ दाखवून दिवस काढीत होता. जून १७९५ मध्यें, अडुसष्टाव्या वर्षींहि, त्यानें पट न पाहतां डाव खेळले. त्यानंतर थोड्याच आठवड्यांनीं, ता. ३१ ऑगस्ट १७९५ रोजीं, त्यानें लंडनमध्येंच प्राण सोडला. एकोणसत्तर वर्षें पुरीं होण्यास सातच दिवस उरले होते. घरच्यांची व त्याची पुन्हां भेट झाली नाहीं.

त्याच्या मृत्यूनंतर त्रेसष्ट वर्षांनीं त्याच्या बचावाची दोनदां मोठी कसोटी झाली. दोन्ही वेळां समोर पॉल मॉर्फी हा तरुण अमेरिकन खेळाडू होता. सन १८५८ सालीं पॅरिसच्या संगीत-नाट्यगृहांत, नाटक चालू असतांना, ब्रन्स्विकचा ड्यूक व एक काउंट हे दोघे मिळून मॉर्फीविरुद्ध खेळले. संगीतकार फिलिडोरचा बचाव नाट्यगृहांतच खेळला जावा, हाहि एक योगच! त्यांनीं वजिराचें प्यादें एक घर चालविलें खरें, पण पुढें मोहरीं बाहेर काढण्यास उशीर केला. सतराव्या खेळीला मात झाली तेव्हां त्यांचा राजाकडील उंट व हत्ती अजून मूळच्या घरांतच होते. त्याच वर्षीं लंडनमध्यें बार्न्स नांवाच्या खेळाडूविरुद्ध मॉर्फी स्वतः काळीं मोहरीं घेऊन बसला. त्यानें हाच बचाव केला, उंटाचें प्यादेंहि फिलिडोरनें सांगितल्याप्रमाणें दोन घरें टाकलें, आणि डाव जिंकला. बचाव तोच, वर्षहि तेंच. एकीकडे तो बुडाला, दुसरीकडे तरला. फरक समजुतीचा होता.

विद्यार्थिमित्रांनो, भूमितींतील सिद्धान्त घोकून आलेला मुलगा आकृतीवरील अक्षरें बदलतांच कसा थबकतो, हें आम्ही वर्गांत नेहमीं पाहतों. खेळ्या पाठ करणाराची गतहि तीच. फिलिडोरच्या बचावाची दुसरी खेळी कोणासहि क्षणांत पाठ होईल. पण त्या प्याद्यानें काय राखलें, कोणती वाट मोकळी ठेविली आणि कोणती बंद केली, हे तीन प्रश्न जो स्वतःला विचारील, त्यालाच ती खेळी आपली म्हणतां येईल. पुढच्या वेळीं पट मांडाल, तेव्हां प्याद्याला हात लावण्यापूर्वीं एवढें अवश्य विचारा. कारण तें एकदां पुढें गेलें कीं परत येणार नाहीं.